राणीचा खण

ताहेराच्या गच्चीवर, कबुतरांच्या ढाबळीत, तीसएक पाखरं हाईत, पर तिचा जीव अडकला एका पांढऱ्या मादीत, राणीत. अन राणी आठ वर्सं मलकापुरात, मुजीबकडं.

मुजीब ताहेराचा नवरा हुता. कबुतरांवर जळायचा. मी उपाशी असलो तरी ही आदी ढाबळीत जाती, असं आख्ख्या तासगावला सांगायचा. मी तिची शेजारीण, मी म्हंते, बाप्या माणसानं पाखरांना सवत मानावं का? तलाक झाला तवा सूड म्हणून त्यानं समदी कबुतरं पाटीत घालून नेली. आठ दिसांनी सोडली, तशी दुपारच्याला समदी परत ताहेराच्या गच्चीवर. कबूतर जन्माचं घर सोडत न्हाई, एवढं बी त्याला ठावं नव्हतं. मग पुन्यांदा आला, एकट्या राणीला घिऊन गेला, अन तिचे पंख कापले. ती न्हाई आली.

तवापासनं ताहेरा रोज दिवेलागणीला ढाबळीचे समदे खण लावती, राणीचा तेवढा उघडा ठेवती. मांजर शिरंल म्हणून मी वरडायची. "पंख परत फुटत्यात, साळूबाई," एवढंच म्हणायची, अन शिलाई मशीनवर बसायची.

गेल्या म्हैन्यात माझ्या नातीनं मोबाईलवर एक जुनी मालिका लावून दिली, आमच्या तरुणपणी टीव्हीवर लागायची ती. सोडलेला नवरा बायकोवर जळतोय अन तिच्या पोपटांच्या दाण्यात इख कालवतोय. चित्र ब्ल्याक अँड व्हाईट, पर काळजाचं पाणी हुतंय. ब्लाउजांना हुका लावत आमी दोघी रोज दुपारी एक भाग बघायचो. शेवटचा भाग ऱ्हायला हुता, अन त्याच दिवशी मुजीब दारात. हातात टोपली, काखेत दाण्याची पिशवी.

माजं डोस्कंच फिरलं. पिशवी हिसकावली अन दिली गटारीत. केस पिकलेला, वाकलेला माणूस. रागावला बी न्हाई.

"वैनी, तिला ज्वारी सोसत न्हाई. बाजरी निवडून आणली हुती," म्हणाला.

टोपलीत राणी हुती. चूक झाली, जिची तिला द्यावी म्हणून यष्टीनं आणलीया, असं मलाच सांगत हुता. तलाकापासनं दोघं एकमेकांशी बोलत न्हाईत. बोलायचं ते माझ्या मार्फत. मला मेलीला लय लाज वाटली.

आमाला गच्चीवर नेऊन ताहेरानं टोपली उघडली.  राणी भुर्रकन उडाली, गच्चीवरनं एक गिरकी मारली. तिचा खण उघडाच हुता. ती आली अन मुजीबच्या खांद्यावर बसली.

ताहेरा बघत ऱ्हायली. मग मला म्हणाली, "घिऊन जावा म्हणावं. पर आता तरी पंख कापू नका म्हणावं."

मुजीब पयल्यांदाच सरळ तिच्याशी बोलला. "एकदाच कापलं, ताहेरा. सात वर्सं झाली, मोकळीच असती."

 तिनं खाली जाऊन बाजरी निवडली, फडक्यात बांधून त्याच्या हातात दिली.

मालिकेचा शेवटचा भाग तिनं मला लावू दिला न्हाई. दिवेलागणीला वर गेली. राणीच्या खणाला कडी लावताना तिला मी खालनं बघितली.