दीदींच्या वेताच्या खुर्च्या

"बसत नाही हं, बौदी," असं म्हणतच दीदी दारात यायच्या. बौदी म्हणजे बंगालीत वहिनी, ती मी. एक पाय आत, एक उंबऱ्याबाहेर. पदराला बांधलेल्या किल्ल्या खांद्यावरून पाठीवर टाकलेल्या, त्या सारख्या वाजायच्या. चहा उभ्यानेच. माझे पोहेही उभ्यानेच. त्यांच्या लेखी तो चिंड्याचा पुलाव, आणि त्यात शेंगदाणे कमी पडले की माझी काही खैर नसे.

आमचे हे खिदिरपूर बंदरावर कस्टममधून निवृत्त झाले आणि आम्ही इथेच राहिलो. दीदी खालच्या मजल्यावर, एकट्या. सकाळ-संध्याकाळ पक्षाचं काम. घरात पाऊल न ठरणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

बसायच्या त्या फक्त एका कामासाठी. त्यांच्या पक्षात पदासाठी मतदानाची वेळ येऊ द्यायची नाही, अशी रीत. वरून नाव यायचं, सगळ्यांनी हात वर करायचे. मध्येच दुसऱ्या कुणी स्वतःचं नाव दिलं, की दीदी संदेश मिठाईचा पुडा घेऊन त्याच्या घरी जाऊन बसायच्या. तो माघार घेईपर्यंत उठायच्या नाहीत. "बसलेल्या माणसाला घालवता येत नाही, बौदी. शेवटी हो म्हणावंच लागतं." पुडा घेऊन त्या निघाल्या की लोक खिडकीतून बघायचे, आज कुणाची पाळी.

मागल्या वर्षी जिल्ह्याच्या उपनेतेपदासाठी वरून नाव आलं ते एका नव्या माणसाचं. त्याला झेंडा धरायला दीदींनीच शिकवलेलं. या वेळी दीदींनी स्वतःचं नाव दिलं.

मग काय, जिन्यात दीदींची नुसती ये-जा. "किती हात वर होतील, बौदी?"

"मला काय ठाऊक?"

"मलाही नाही. पहिल्यांदाच ठाऊक नाही."

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी धापा टाकत वर आल्या, हातात वेताची खुर्ची. "ही ठेवा. अजून तीन आहेत." खाली जाऊन बघते तर पलंगभर डाळीच्या ओल्या वड्या वाळत घातलेल्या.

थोड्या वेळाने जिल्ह्याचे सचिवबाबू आले. हातात संदेशचा पुडा. मी चहा घेऊन गेले.

"खुर्च्या कुठे गेल्या?"

"विणायला दिल्यात."

"अगं, असलं बोलणं उभ्याने होतं का?"

"नाही होत. तुम्हीच शिकवलंत."

सचिवबाबूंचे गुडघे दुखरे. या पायावरून त्या पायावर होत त्यांनी चहा संपवला आणि गेले. पुडा मात्र तिथेच राहिला.

पुष्कळ वर्षांनी पक्षात हात मोजले गेले, आणि दीदी पडल्या.

संध्याकाळी वर आल्या. स्वतःच्याच खुर्चीत बसल्या. माझ्या घरात पहिल्यांदा.

"ज्यांच्या ज्यांच्या घरी मी जाऊन बसले होते ना, बौदी, त्यातला एकही हात वर झाला नाही. हसले मात्र सगळे माझ्याकडे बघून."

मी पोहे पुढे केले. ताटली त्यांनी मांडीवर ठेवली. "बसलेय खरी. पण आता कुणाकडून काय कबूल करून घ्यायचंय?"

थंडीत त्या सिलिगुडीला भाचीकडे राहायला गेल्या. खाली टॅक्सी उभी होती. मी विचारलं, "खुर्च्या?"

"असू द्या तुमच्याकडे. तिथे गेलं की सगळे मला बसाच म्हणतात."

खुर्च्या गॅलरीत आहेत. दुपारचा चहा झाला की मी कप घेऊन दारात जाते, आणि उभ्यानेच पिते.