आईची दहावी आणि माझं गणित

सेलूच्या एका मराठी शाळेत मी गणित शिकवायचो. बायको वर्ध्यात नर्स होती. तिला आयर्लंडमधल्या एका लहान गावच्या इस्पितळात नोकरी लागली आणि मी राजीनामा देऊन तिच्यासोबत गेलो. सिंदी मेघेच्या आमच्या गल्लीत त्याची बरीच चर्चा झाली. बायकोच्या नोकरीपायी नवरा गाव सोडतो, हे लोकांना नवं होतं. वडील कारकून म्हणून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. विचारणाऱ्यांना ते एवढंच सांगत, की सून जिथं राहील तिथं मुलगा राहील, त्यात विशेष काय?

तिथं पोचल्यावर कळलं, की माझी बी.एड. जशीच्या तशी चालणार नाही. नोंदणी हवी, त्यासाठी आणखी एक अभ्यासक्रम हवा. आणि मला खरी भीती इंग्रजीची होती. माझं सगळं गणित मराठीत होतं. कर्ण म्हटलं की काटकोन त्रिकोण डोळ्यांपुढे उभा राहायचा. त्याचा इंग्रजी शब्द उच्चारताना जीभ अडायची. बायको कामावर जायची, मी स्वयंपाक करायचो आणि खिडकीतून समोरच्या शाळेतली मुलं बघायचो. ती कधी टोचून बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "घरात तू फार हळू बोलायला लागलास. वर्गात असा बोलत नव्हतास."

त्याच सुमारास आईचा फोन आला. नववीत असताना तिचं लग्न झालं होतं. आता बाहेरून दहावीला बसायचं तिच्या मनात होतं.

"बाकीचं मी पाहून घेईन," ती म्हणाली. "गणित तू शिकवजो. तसाही तू रिकामा हायेस."

आमचा वर्ग सुरू झाला. तिच्याकडे दिवेलागण झालेली असायची, माझ्याकडे दुपार. वडील तिच्या वहीवर फोन धरून बसत. थोड्या वेळानं त्यांना डुलकी लागे आणि मला वहीऐवजी छताचा पंखा दिसू लागे. मग आई त्यांना कोपरानं ढोसायची.

समीकरणांपाशी ती अडली. मी सवयीनं सांगितलं, की संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडे गेली की अधिकची वजा होते.

"काऊन होते?"

नियम आहे, असं मी म्हणालो. तिला ते पटलं नाही. घरात तर कोणी खोली बदलली म्हणून बदलत नाही, असं तिचं म्हणणं. मग मी कागदावर तराजूचं चित्र काढून दाखवलं. एका पारड्यातून पाच काढले, तर तोल राहायला दुसऱ्यातूनही पाचच काढायला हवेत.

तिनं वहीत तसाच तराजू काढला आणि दोन्ही पारड्यांतले पाच खोडले. "मंग ते पाच तिकडं गेलेच नाई," ती म्हणाली. "दोन्हीकडून काढले. असं सांग ना मंग."

तेव्हापासून मी तिला असंच सांगायला लागलो. पुस्तकातला शब्द नंतर, आधी घरातला.

काही महिन्यांनी समोरच्याच शाळेत मदतनीसाची जागा निघाली. गणितात मागे पडलेल्या मुलांशेजारी बसायचं, त्यांना धीर द्यायचा, एवढंच काम. बायकोनं माझ्याकडून अर्ज भरून घेतला. पहिल्याच आठवड्यात एक मुलगी समीकरणावर अडून रडकुंडीला आली. मला मोठे इंग्रजी शब्द सुचेनात. मी बाकावर पट्टी आडवी ठेवली, दोन्ही बाजूंना खोडरबर मांडले आणि साध्या, तुटक इंग्रजीत म्हणालो, इकडून दोन काढ, तिकडूनही दोन काढ. तिनं काढले. उरलेले मोजले आणि पुढचं गणित मला न विचारता सोडवलं.

वर्गाच्या बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, तुम्ही आधी शिकवत होता का? मी हो म्हणालो. त्या दिवसानंतर चार-पाच मुलांचा एक गट त्यांनी माझ्याकडे सोपवला. माझे उच्चार चुकले की मुलं सुधारायची, त्यांची गणितं मी सुधारायचो. नोंदणीचा अभ्यासक्रम मी नोकरी करता करता पूर्ण केला. आईचा वर्ग रविवारवर गेला, पण बंद पडला नाही.

ती दहावी पास झाली. गणितात कशीबशी निघाली, पण निघाली. वडिलांनी निकाल सांगितला आणि लगेच फोन आईकडे दिला. पुढच्या वर्षी त्याच शाळेनं मला शिक्षक म्हणून घेतलं. मी घरी फोन केला तेव्हा आईनं आधी विचारलं, की पोरं ऐकतात का तुझं? ऐकतात म्हटल्यावर बरं म्हणाली.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं सिंदी मेघेला आलो, तेव्हा आई अकरावीची पुस्तकं घ्यायला निघाली होती. मीही सोबत गेलो. दुकानदारानं माझ्याकडे बघत विचारलं, कोणती शाखा?

"कला," आई म्हणाली. "माह्यासाठी पाहिजे."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तो पुस्तकं काढायला वळला. मी हळूच विचारलं, गणित ठेवायचं नाही का?

"नाई रे बाबा," ती पिशवी उघडत म्हणाली. "मले इतिहास वाचाचा हाय. गणित तू पाह्य."