उपायाचा रकाना

मुलांनो, आमच्या शेजारच्या माईंच्या जावयाइतका संशयी माणूस अख्ख्या रत्नागिरीत नाही, आणि त्याच्याइतका सरळही नाही. मी सांज्याचा डबा पाठवला की त्याचा फोन येतो, तो मीच पाठवला ना, आणि वाटेत कुणी झाकण उघडलं नाही ना. पूर्णगडची मासेवाली तर आता टोपली उतरवतानाच म्हणते, "जावईबापू, ताजा आहे का ते बांगड्यालाच विचारा."

त्याचं कामच तसं. संगणकाचे प्रोग्राम पुष्कळ जण मिळून लिहितात आणि प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याची सही असते. ही सही गणिताची. ज्याच्याकडे गुप्त किल्ली त्यालाच ती करता येते. ती कुठे कुठे फसते याची यादी हा लिहितो: किल्ली हरवली, ईमेल बदलला, मुदत संपली. प्रत्येकापुढे कारण आणि उपाय. इंग्रजी तपासायला पानं माझ्याकडे, तुमच्या इंग्रजीच्या बाईंकडे, येतात आणि एकेका स्वल्पविरामावरून तो माझ्याशी तासभर भांडतो.

त्याची बायको, माईंची एकुलती एक लेक, याच कामात होती. ती गेली, आणि सासू एकटी पडू नये म्हणून हा मुंबई सोडून इथे राहिला. यंदा वैशाखात तिच्या किल्लीची मुदत संपली. तिच्या जुन्या कामापुढची, सही पटल्याची हिरवी खूण नाहीशी झाली. ती खूण रोज सकाळी पाहायची माईंना सवय. त्यांनी विचारलं तेव्हा त्याने लपवलं नाही: तिच्या किल्लीचा पासवर्ड त्याला ठाऊक होता, तारीख वाढवायला दोन मिनिटं पुरली असती.

"मग वाढवा की. एवढं माझ्यासाठी करा," माई म्हणाल्या.

"माई, खूण तिची दिसेल, पण हात माझा असेल. ते मी नाही करणार."

माई चार दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी तो माझ्याकडे नवं पान घेऊन आला. कारण: सही करणारी व्यक्ती हयात नाही. उपायाचा रकाना कोरा होता. कोरी जागा मला खपत नाही हे तुम्ही जाणता. मी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

मागोमाग माईही आल्या. तिची सही आता खोटी ठरते का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"नाही माई. खरीच ठरते. अजूनही. तिने केली तेव्हा किल्ली चालू होती."

"मग तेवढं वाच रे, बाळा."

त्याने संगणक उघडून वाचलं: सही खरी आहे, आणि पुढे तिचं पूर्ण नाव, माहेरचं. त्याखाली मुदत संपल्याची एक ओळ होती. ती त्याने वाचली नाही, आणि मीही ती दाखवली नाही.