मेथीचा की घासाचा

नगरच्या कापड बाजारात दोरा विकणारी दुकानं वीस-पंचवीस तरी असतील. काचेची, एसीची, ‘मॅचिंग सेंटर’ अशी झगझगीत पाटी लावलेली. तरी खेड्यावरून आलेल्या बायका ती सगळी ओलांडून रंगनाथशेठच्या कापड दुकानाच्या पायरीपाशी येऊन थांबतात, कारण तिथे मनकर्णा बसते. पुढ्यात लाकडी पेटी, पेटीत लहान लहान खण, खणांत रिळं. झाकणाच्या आतल्या बाजूला बाबासाहेबांचा फोटो चिकटवलेला. एवढंच दुकान.

या पेटीची गंमत अशी, की इथे कुणी ‘डार्क ग्रीन’ मागितला तर मनकर्णा ढिम्म हलत नाही. “नीट सांग की बाई, मेथीचा की घासाचा?” असं उलट विचारते. खेड्यातल्या बाईला तर हेच हवं असतं. तिला रंगाचा नंबर ठाऊक नसतो, पण गाईपुढे रोज टाकलेला घास ठाऊक असतो. उसाच्या वाळल्या पाचटाचा, करडईच्या फुलाचा, जवसाच्या फुलाचा निळा, असा अख्खा जिल्हा त्या पेटीत पेरलेला. एसीवाल्या दुकानात हे सांगायला गेलं तर पोरं एकमेकांकडे बघून हसतात.

तीस वर्षांपूर्वी मनकर्णा टोपलीत दोरे घेऊन बाजारात उभी राहायची. रंगनाथशेठ तेव्हा तरुण होते. “उन्हात काय उभ्या? पायरीवर बसा,” म्हणाले. मग नाव विचारलं. आडनाव विचारलं नाही. लोक आधी आडनाव विचारायचे आणि मग बसायला सांगायचं की नाही ते ठरवायचे, असे ते दिवस. आता तसं नाही, असं म्हणायला जीभ रेटत नाही म्हणा. पण शेठचं ते एक न विचारणं मनकर्णाने आयुष्यभर उराशी धरलं. त्या पायरीने तिची दोन लेकरं शिकवली. मुलगी भारती सासरी सुखात आहे. मुलगा भीमराज नागापूरच्या एमआयडीसीत नोकरीला लागला, सावेडीत त्याने फ्लॅट घेतला आणि आईच्या मागे लागला, “आई, आता बास कर.”

“घरी बसून काय करू?” ती म्हणायची, “टीव्हीला विचारू, मेथीचा की घासाचा?”

पण दीड वर्षापासून एक गोष्ट ती कुणालाच सांगत नव्हती. तिला रंग दिसेनासे झाले होते. सगळं जग चहाच्या पाण्यातून बघावं तसं मळकट झालं होतं. निळा आणि काळा तर सख्खे भाऊ. तरी धंदा चालायचा, कारण खण तोंडपाठ होते. गिऱ्हाइकाने ‘जवस’ म्हटलं की हात आपसूक तिसऱ्या ओळीत जायचा. नवी रिळं खणात भरताना मात्र सगळा अंदाजाचा कारभार. डोळे दाखवायला ती धजावत नव्हती. ऑपरेशन करूनही रंग परत आले नाहीत तर? न दाखवलेला डोळा निदान आशेवर तरी चालतो. आणि भीमराजला कळलं, की पेटी माळ्यावर जाणार आणि बाजार तिच्यापुरता संपणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

लग्नसराईतल्या एका शनिवारी सगळंच पालथं झालं. दोन्ही हँडलला पिशव्या लटकवलेली एक मोटारसायकल गर्दीतून वाट काढायला गेली, पिशवीचा बंद पेटीच्या कोपऱ्यात अडकला आणि पेटी रस्त्यावर उलटी. दीडदोनशे रिळं चारी दिशांना पळाली. लोक धावले, वाकून वाकून गोळा करायला लागले. “मावशी, हे कुठं ठेवू? आन् हे?”

मनकर्णा एक रीळ दोन्ही हातांत धरून बसून राहिली. नेवासा तालुक्यातली गीताबाई, तिचं जुनं गिऱ्हाईक, पायरीवर शेजारीच टेकली होती. “अगं, सांग की,” ती म्हणाली.

“मला न्हाई दिसत,” मनकर्णा खाली मान घालून म्हणाली. “लई दिस झालं. कोनतं कोनत्या खनातलं, मला न्हाई सांगता येनार.”

सिनेमात असतं तर इथे बाजार स्तब्ध झाला असता. पण हा कापड बाजार. पलीकडचा रुमालवाला ‘शंभरला चार’ ओरडतच राहिला. गीताबाईने पदर खोचला आणि पायरीवर मांडी ठोकून बसली.

“मला दिसतंय न्हवं? पयला खन कशाचा, तेवढं सांग.”

“कांद्याच्या पातीचा.”

“हा घे. फुडला?”

बस्त्याला आलेल्या आणखी दोन बायका खाली बसल्या. मग जी जुंपली! “ही मेथी न्हाई, शेपू हाय!” “शेपू कधी बघितली का तू?” रंगनाथशेठ आतली गिऱ्हाइकं सोडून बाहेर आले आणि रिळांवर कुणाचा पाय पडू नये म्हणून हात पसरून उभे राहिले. तासाभरात पेटी भरली. शेठने ती उचलून आत गल्ल्याशेजारी ठेवली. “मनकर्णाबाई, डोळे दाखवून या. पायरी कुठं जात नाही.”

संध्याकाळी भीमराज न्यायला आला. ती बोलणी खायच्या तयारीतच होती. त्याने फक्त विचारलं, “आई, पेटी घरी आणायची का इथंच राहू देऊ?”

“इथंच,” ती म्हणाली. त्याने मान हलवली आणि गाडी सुरू केली.

तपासणीत मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं. पंधरा-वीस दिवसांनी ती पायरीवर परत आली, तर समोरच्या दुकानात टांगलेल्या साड्यांवरून तिची नजर हटेना. आपला बाजार इतका भडक आहे हे ती विसरूनच गेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली, “बरं झालं बाबा, लई बरं झालं.”

आठवड्याभराने गीताबाई आली. मनकर्णाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दंडापाशी नजर अडली. हिरव्यागार झंपराला वांग्याच्या रंगाची शिवण.

“अगं, असला दोरा कुठल्या येडीनं दिला तुला?”

गीताबाई नुसती हसत राहिली.

“मी?”

“मागल्या पोळ्याला.”

“मंग परत का न्हाई आनला?”

“परत आनला असता तर पेटी मिटून घरी गेली असतीस. दोऱ्याचं काय गं, उसवून दुसरा घालता येतो.”

मनकर्णाने ती शिवण बोटाने चाचपली. “आनखी किती जनींना दिला असंल गं मी असला?”

“आमच्या आळीत तर तुझ्या दोऱ्याची शिवन लांबूनच वळखू येती. पन कुनी बोललं का तुला?”

डॉक्टरांनी महिनाभर डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका, असं बजावलं होतं. आतून येणाऱ्या पाण्याबद्दल ते काही बोलले नव्हते.