मिलो कुणी पेरली?

जळबा गिरणीवाल्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं उरली होती. मायबाप वाचकहो, गेलेली दोन बोटं यंत्रानं खाल्ली नव्हती. माणसानं ती घणाखाली ठेचली होती, भर दुपारी, पंधरा-वीस जणींच्या देखत. आणि भांडण शेताच्या बांधाचं नव्हतं. पिठाच्या गिरणीपुढं कुणी आधी बसायचं आणि कुणी नंतर, याचं होतं.

गाव शिरड शहापूरपासून दोन कोसांवर, काळ्या रानाच्या पोटात वसलेलं. वसमतच्या बाजारातून जळबानं जुनं डिझेल इंजिन बैलगाडीवर घालून आणलं, त्या दिवसापासून गावातल्या बायांचे हात जात्यावरून सुटले. रोज सकाळी तो औंढ्याच्या नागनाथाचं नाव घेई, चाकाला कुंकू लावी, पट्टा चढवी आणि दिवसभर त्या धडधडाटात पिठानं पांढरा होऊन उभा राही. माणूस लोण्यासारखा मऊ. पण नव्या जगातली कोणतीही वस्तू पाहिली की त्याला प्रश्न पडे. रेडिओतला माणूस एवढं बोलतो, मग आपलं काहून ऐकत नाही? गावात घड्याळ नव्हतं तेव्हा लोकांना उशीर कसा व्हायचा? फोटोत हसणारा माणूस मेल्यावरही हसतच काहून राहतो? सदा ‘काहून’, म्हणजे ‘का’, विचारतो म्हणून गावानं त्याला काहूनबुवा करून टाकलं होतं, आणि त्या नावानं हाक मारली तर तोही हसून ओ देई.

मात्र एक प्रश्न त्याला अकरा वर्षं पडला नाही. बौद्धवाड्याचं दळण फक्त शनिवारी, तेही साऱ्या गावाचं उरकल्यावर. रविवारी सकाळी गावाचं पहिलं दळण पडण्याआधी ग्यानबा पाटलाच्या घरून दोन पायल्या ज्वारी येई. ती गिरणीतून फिरवायची, म्हणजे दगडात अडकलेलं आदल्या दिवसाचं पीठ निघून जावं. ते पीठ माणसानं खायचं नाही, ढोरांपुढं टाकायचं. याला गिरणी धुणं म्हणत. ज्या भक्तीनं जळबा चाकाला कुंकू लावी, त्याच भक्तीनं तो दर रविवारी गिरणी धुवी.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, कडबा संपला, सारा गाव खडी फोडायला गेला. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी आली, जहाजातून आलेली, अमेरिकेची. पाटलाच्या घरी तीच, बौद्धवाड्यात तीच; चवीला कडसर, पोटात गोळा होऊन बसणारी. दोन पायल्या ढोरांपुढं टाकण्याची ऐपत कुणाचीच उरली नाही, आणि शनिवार आपोआप गळून पडला. ज्या क्रमानं बाया येत त्या क्रमानं टोपल्या टेकत. कुणाचा देव कोपला नाही. कुणाचं अन्न विटाळलं नाही. भूक साऱ्यांना एकाच ओळीत बसवून गेली.

त्या दिवसांत बौद्धवाड्यातल्या भिवाजीची बायको जनकाबाई दळणाला बसली होती. जळबा तिला गमतीनं म्हणाला की यंदा गिरणी धुवायचं राहूनच गेलं. जनकाबाईनं पदरानं घाम टिपला.

“जळबा भाऊ, तुमी ते पीठ ढोरायपुढं टाकत व्हते, तवा माझी लेकरं पाणी पिऊन निजत व्हती. ताज्या पिठाचा वास येत व्हता आमाला घरापस्तोर.”

ती रागानं बोलली नाही. म्हणूनच ते शब्द जळबाच्या काळजात रुतले.

त्र्याहत्तर साली ज्वारी पुन्हा उभी राहिली. मार्गशीर्षात खळी झाली, आणि पारावर ग्यानबा पाटलांनी जळबाला जवळ बसवून घेतलं. वडीलकीच्या सुरात त्यांनी सांगितलं की आता सुगी आली, शनिवार पुन्हा धर. त्यांचा तिशीतला मुलगा संतराम शेजारीच मिशीला पीळ देत बसला होता. जळबानं मान खाली घातली, आणि मग त्याला प्रश्न पडला.

“मामा, सालभर आपुन मिलो खाल्ली. ती तिकडं कुणी पेरली? कुणी कापली? पोत्यात भरणाऱ्याची जात कुणी इचारली व्हती काय?”

“ते गोरे हायेत,” संतराम म्हणाला.

“गोऱ्यायमंदी झाडणारे, ढोरं वढणारे न्हाईत? का तिथं सगळे पाटीलच राहून राहिले?”

पारावर कुणीतरी खुदकन हसलं. एक म्हातारा म्हणाला की जहाजातच आंघोळ करून आली असंल मिलो, सोवळं नेसून. मग सारा पार खदखदला. ग्यानबाही क्षणभर हसले. संतराम हसला नाही. चार माणसांत आपल्यावर हसू झालं, हे त्याच्या डोक्यात विंचवासारखं चढत गेलं. जळबानं उठताना एवढंच सांगितलं की गिरणीपुढं यापुढं एकच ओळ, जो आधी येईल तो आधी.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ओळीत जनकाबाई चौथी होती. तिच्या मागं संतरामाची बायको सुमनबाई डबा घेऊन बसली होती. इंजिन भरात होतं. तेवढ्यात संतराम दोन गडी घेऊन आला; गड्यांच्या हातात काठ्या, त्याच्या हातात घण.

पहिली लाथ टोपलीवर बसली. ज्वारी शेणामातीत उधळली. जनकाबाई टोपली धरायला वाकली, आणि काठी तिच्या डोक्यावर उतरली. कातडं फाटलं, रक्त कानामागून गळ्यात, गळ्यातून चोळीत झिरपलं. दुसरी काठी खांद्यावर, तिसरी पाठीवर. बाया किंचाळत भिंतीला चिकटल्या. जनकाबाई मात्र रक्तानं ओली झालेली मूठ जमिनीवर टेकून तिथंच बसून राहिली. तिनं जागा सोडली नाही.

संतरामानं गिरणीच्या दगडावर घण उगारला. जळबा धावला आणि त्यानं झाकणावर आपला हात आडवा घातला, जसा आपण पडणाऱ्या लेकरापुढं घालतो. घण थांबला नाही. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. दोन बोटं चिरडून झाकणाच्या पत्र्याला चिकटली. दुसऱ्या घावानं धान्य ओतायचा पत्रा दुमडला. तिसऱ्या वेळी घण मागं गेला, तेव्हा संतरामाच्या गळ्यातल्या उपरण्याचं टोक फिरत्या पट्ट्यात सापडलं.

एका झटक्यात तो चाकाकडं ओढला गेला. उपरण्यानं गळा आवळला, गाल पट्ट्यावर घासू लागला, कान फाटला. गडी काठ्या टाकून पळाले. इंजिन बंद करायची दांडी जळबापासून हातभर अंतरावर होती. तो उभा राहिला. किती वेळ, ते पुढं त्यानं स्वतःच कबूल केलं: एक श्वास, आणि त्या एका श्वासात मी त्याला मनात मारून टाकलं होतं. नागनाथाचं नाव घेणाऱ्याच्या अंतरात केवढी कुऱ्हाड लपलेली असते, हे त्याला त्या श्वासात दिसलं. मग त्यानं डाव्या हातानं दांडी ओढली. इंजिन खोकलं, थांबलं. काळानिळा पडलेला संतराम जमिनीवर कोसळला, आणि श्वास घेऊ लागला.

जळबाला वसमतच्या दवाखान्यात नेलं. तिथं खाटेजवळ ग्यानबा पाटील येऊन बसले. म्हातारा खरोखर रडला. बोटं पट्ट्यात गेली असं लिहून दे, म्हणाला. ज्या हातानं पोरगा वाचवला त्याच हातानं त्याला जेलात काहून ढकलतोस?

“मामा, तो मरू नये म्हणून म्या इंजिन बंद केलं,” जळबा म्हणाला. “सुटावा म्हणून न्हाई.”

तोवर जनकाबाई डोक्याला फडकं बांधून भिवाजीबरोबर चौकीपर्यंत चालत गेली होती आणि तिनं तक्रार लिहवली होती. जमादार जबानी घ्यायला दवाखान्यात आला. जळबानं घणाचं सांगितलं, काठ्यांचं सांगितलं, आणि मग अकरा वर्षांच्या रविवारांचंही सांगितलं, स्वतःच्या नावासकट. हे कलमात बसत नाही, असं जमादार म्हणाला. “लिहा तरी,” जळबा म्हणाला. जमादारानं ते लिहिलं की नाही, देव जाणे.

संतराम आठवड्यात जामिनावर सुटून आला. खटला तारखांमागून तारखा खात राहिला. जळबानं पत्रा सरळ करून घेतला, दगडाला टाकी लावून घेतली आणि तीन बोटांच्या हातानं पट्टा चढवायला शिकला. ओळ एकच ठेवली. पण त्या ओळीत आता बौद्धवाड्याशिवाय कुणी येईना. गावाचं धान्य गाड्या जुंपून शिरड शहापूरच्या गिरणीवर जाऊ लागलं. दोन महिने असे गेले. इंजिन दिवसातून तासभर चाले आणि मुकं होई. बायकोनं विचारलं की आता शनिवार धरायचा का. जळबानं नकारार्थी मान हलवली, आणि रिकाम्या गिरणीत नागनाथाचं नाव घेत बसून राहिला.

फाल्गुनात एके सकाळी सुमनबाई डबा घेऊन आली. ओळीत शेवटी कोण आहे, एवढंच तिनं विचारलं. जनकाबाईनं हात वर केला. सुमनबाई तिच्यामागं जमिनीवर बसली. दळण झालं, डबा जड होता, तो डोक्यावर चढवायला जनकाबाईनं खालून हात लावला. साऱ्या गावानं ते पाहिलं.

आठ दिवसांनी सुमनबाई पुन्हा आली, तेव्हा तिचा डावा डोळा सुजून मिटला होता, ओठ फाटला होता, मनगटावर पाची बोटांचे काळे वळ होते. घरात काय घडलं, हे कुणी विचारलं नाही. ते तिच्या अंगावर लिहिलेलं होतं. जळबा हळू आवाजात म्हणाला की बाई, तुमचं आधी दळून देतो, कुणी पाहायच्या आत घरी जा.

सुमनबाईनं डबा जवळ ओढला.

“न्हाई. आधी जनकाबाईचं होऊ द्या. माझ्या मागं आज पाटलायच्या गल्लीतल्या दोघी बसल्या हायेत. मी उठली तर त्या बी उठतील.”

जळबानं जनकाबाईची टोपली उचलली आणि ज्वारी वर ओतली.