चिकलठाणा ते दिब्रुगड, फक्त तीन तास

पडेगावहून भल्या पहाटे रिक्षा निघाली तेव्हा छावणीतली दुकानं बंद होती आणि क्रांती चौकात चक्क शांतता होती. मी मात्र भलतीच खुशीत होते. आसामात, दिब्रुगडला, माझ्या धाकट्या भावाच्या, संजूच्या मुलीचं त्याच दिवशी दुपारी बारसं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा. आई आमच्या लहानपणीच गेली. तिचं नाव, गोदावरी, बाळाच्या कानात सांगायचं मी ठरवलं होतं. कुणाला पत्ताही लागू दिला नव्हता.

इंटरनेटवर अंतर पाहिलं होतं. जवळपास एकवीसशे किलोमीटर, विमानाला तीन तास. तिकिटावरही तसंच दिसलं: सुटणार साडेसातला, पोचणार दहा चाळीसला. पुढे बारीक अक्षरात ‘+१’. ते जादा बॅगेसाठी असणार असं समजून मी हिमरूची शाल, झबली-टोपडी आणि डिंकाचे लाडू दुसऱ्या बॅगेत भरले. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, आणि अक्कल ही!

चिकलठाण्याच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीला मी विचारलं, “दहा चाळीसला पोचते ना गं मी?”

“व्हय मावशी, पण उद्या. आधी मुंबई, मंग कोलकाता, रातभर तिथंच. प्लस वन म्हंजे दुसरा दिवस.”

“अगं, तीन तासच लिहिलंय की!”

“ते सरळ रेषेतलं अंतर हाय. तसं इमान कुठं हाय इथून?”

जायचं पूर्वेला आणि विमान पश्चिमेला! मी तिथूनच संजूला फोन लावून उद्या पोचते म्हणून सांगितलं.

“ताई, पन्नास माणसं जेवायला येनारंत,” तो म्हणाला. “नाव फोनवर सांग, मी सांगतो तिच्या कानात.”

“ते आत्याचं काम हाय. मी येईपर्यंत थांब.”

“बघतो,” म्हणाला. मी रागानं फोन बंद केला, तो सुरू केलाच नाही.

कोलकात्यात खुर्चीवर रात्र काढली. सकाळी विमानाच्या खिडकीतून ब्रह्मपुत्रा दिसली, पैलतीरच दिसेना. पुढे चहाचे मळे, उतरल्यावर ओलसर हवा. घरी पोचले तर बाळ शेजारच्या बाईंच्या मांडीवर. त्यांनी हसून माझ्या हातात तिल पिठा (तीळगूळ भरलेली तांदळाची सुरळी) ठेवला.

“कल आप नहीं थीं, तो मैं पेही (आत्या) बन गई. नाम रखा जोनाकी (काजवा).”

पिठा तसाच हातात राहिला. इतका राग आला, आणि तो काढायचा कुणावर?

संजू जवळ आला. “चारपर्यंत थांबलो ताई. लोकं ताटकळली. तुझा फोन लागंना.” मग हळूच म्हणाला, “तू काय ठरवलं व्हतं?”

बाळानं माझं बोट घट्ट धरलं होतं. शेजारीण कौतुकानं पाहत होती.

“काय नाय रे,” मी म्हणाले. “तिथं गेल्यावर बघू म्हणलं व्हतं.”

आठवड्यानं त्याच वाटेनं, कोलकाता-मुंबई करत परतले. तीन तासांचं अंतर सत्तावीस तासांचं झालं, त्याला माझा इलाज नव्हता. पण एक शब्द फोनवरून क्षणात पोचला असता. तो मी तसाच चिकलठाण्याला परत घेऊन उतरले.