एका रोलात बहात्तर फोटो

स्टुडिओत लोक पाच मिनिटं बसतात, पण तेवढ्यात काहीतरी बोलून जातात. सक्करदऱ्याच्या रामटेके काकांच्या स्टुडिओत मी बारा वर्षं निगेटिव्ह रिटच केल्या. फोटो गिऱ्हाइकं घेऊन गेली, बोलणं माझ्याकडे राहिलं. त्यातलं बरंचसं एका छोट्या कॅमेऱ्यापायी झालेलं.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. आमचा फोटोग्राफर नंदू निखारे, हातमाग सोडून या धंद्यात आलेला, कामठीच्या एका बदली झालेल्या फौजी साहेबाकडून सेकंडहँड कॅमेरा घेऊन आला. लहानसा, लेन्स बदलता येणारा. प्रत्येक फोटो अर्ध्याच जागेत काढायचा, म्हणून छत्तीसच्या रोलात बहात्तर.

काका आयुष्यभर काळ्या कापडात डोकं घालून स्टँडच्या कॅमेऱ्यावर काम केलेले. त्यांनी नंदूची पहिली निगेटिव्ह उजेडात धरली.

"हे तर पोस्टाच्या तिकिटाएवढं हाय गा. एवढ्यात माणूस मावते कसा?"

"मावते काका. पाटील असला तरी मावते."

काकांनी निकाल दिला, "याले फ्युचर नाही."

*

इतवारीतल्या एका लग्नात नवरदेवाच्या वडिलांनी नंदूला मांडवाच्या दारातच अडवलं. "आमी काय भिकारी हावो? मोठा कॅमेरा काहून नाही आणला?"

मी रिक्षा करून स्टुडिओत गेलो आणि काकांचा जुना, बंद पडलेला स्टँडचा कॅमेरा उचलून आणला. मग दिवसभर मी काळ्या कापडात डोकं घालून "रेडी" म्हणायचो, आणि नंदू बाजूला उभा राहून छोट्यावर फोटो काढायचा.

अल्बम पाहून वडील खूष. नंदूला म्हणाले, "पाह्यलं? मोठ्या कॅमेऱ्याची बातच और हाय."

*

कोराडीच्या पॉवर हाउसमधल्या एका बाबूंच्या घरी बारसं होतं. नंदूनं तीस फोटो काढले. उरलेला रोल वाया घालवायला तो तयार नव्हता. बाबू दर महिन्याला बसनं यायचे, आणि नंदू सांगायचा, "अजून थोडे बाकी हायेत साहेब. सावकाश घ्या."

शेवटी एकदाचा रोल संपला, फोटो धुतले. ते घ्यायला बाबू आले, बायको आली, आणि बारशाचं पोरगं आईचं बोट धरून चालत आलं. काकांनी पाकीट त्याच्याच हातात दिलं.

*

हा कॅमेरा सरळ धरला की फोटो उभा यायचा. ग्रुप फोटोला कॅमेरा कलता करावा लागे. एका शाळेत गुरुजींच्या निरोपसमारंभाला नंदूनं तो कलता केला, तशी हेडमास्तरांनी मान वाकडी केली. ते पाहून सगळ्या रांगेनं केली.

रिटायर होणारे गुरुजी तेवढे ताठ बसले होते. म्हणाले, "सरळ बसा. वाकडा कॅमेरा हाय, आपण नाही."

*

काकांच्या आईचा मात्र वेगळाच किस्सा. छप्पन साली तिनं दीक्षा घेतली, तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी पांढरं लुगडं नेसून ती स्टुडिओत यायची आणि काका तिचा फोटो काढायचे. सगळे फोटो सारखे: हात गुडघ्यांवर, ओठ मिटलेले, नजर समोर. "हास ना वं माय," काका कापडातून म्हणायचे. ती आणखी ताठ व्हायची.

एकदा ती अंगणात शेजारणीबरोबर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. शेजारणीनं काहीतरी सांगितलं आणि म्हातारी डोळे मिटून, दात नसलेलं तोंड उघडून हसली. नंदूनं रस्त्यापलीकडून लांबची लेन्स लावून तो फोटो घेतला.

काकांनी ती निगेटिव्ह भिंगाखाली बराच वेळ पाहिली. मग स्वतः डार्करूममध्ये जाऊन मोठी प्रिंट केली. छोटी निगेटिव्ह एवढी मोठी केल्यानं फोटोवर दाणे उठले होते. मी रिटच करायला ब्रश घेतला, तर म्हणाले, "हात नको लावू."

संध्याकाळी त्यांनी ती आईपुढे धरली. म्हातारीनं चष्मा पुसला, प्रिंट जवळ घेतली, लांब धरली.

"हे कोण हाय?"

"तूच होय, माय."

मग तिनं काकांकडे मान वळवली.

"मंग इतकी वर्सं तू कोनाचा फोटो काढून राह्यला होता?"